लँडिंगला विमानाने उडी मारली तर काय करायचं, आणि आपटलंच तर पुढे काय

फ्लाइंग स्कूलमध्ये सोलो (इन्स्ट्रक्टरशिवाय एकट्याने उडवणं) सुरू झालेल्या किंवा होऊ घातलेल्या पोरापोरींसाठी लिहितोय. एअरलाइनवाले, तुम्ही हसून पुढे जा.

माझी सेसना १५२ (दोन सीटचं ट्रेनर विमान) सोलो सर्किटच्या, म्हणजे रनवेभोवती फेरी मारून परत उतरण्याच्या, तिसऱ्या दिवशी नाकावर बसली. एप्रिलची दुपार, फायनलला (रनवेसमोरच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) स्पीड ७० नॉटच्या आसपास, पाहिजे होता ६०, आणि मी मनात म्हणतोय की जाऊदे, फ्लोट होईल (रनवेवर तरंगेल) थोडं, रनवे भरपूर आहे. फ्लोट झालं, मला वाटलं आता संपवूया, योक (विमानाचं हँडल) थोडा पुढे सोडला, नोजव्हील (पुढचं चाक) आधी टेकलं आणि विमान परत वर. मग मी नाक खाली ढकललं. परत टेकलं, जोरात, परत वर, पहिल्यापेक्षा उंच. परत ढकललं. तिसऱ्या वेळेला नोजगिअर (पुढच्या चाकाचा दांडा) दुमडला आणि प्रॉपेलर डांबरात घुसून खटकन थांबला. सगळं मिळून पाच-सहा सेकंद. त्यानंतर एकदम शांत, फक्त पॅनेलमागे गायरो फिरत राहिल्याचा बारीक सूं आवाज, तो मी आजही ओळखेन. मला खरचटलंसुद्धा नाही, विमान मात्र कित्येक महिने हँगरमध्ये.

तर पहिल्या उडीने माझं काही बिघडलं नव्हतं. उडी प्रत्येकाची होते, इन्स्ट्रक्टरांचीही होते. बिघडवलं ते मी, उडीनंतरच्या त्या एका सेकंदात.

आधी हे असं का होतं ते समजून घ्या, नाहीतर खालचं सगळं पाठांतर होईल आणि पाठांतर त्या वेळी आठवत नाही. आपल्या ट्रेनर विमानांना पुढे एक चाक, मागे दोन. मागची दोन मुख्य चाकं विमानाच्या वजनाच्या केंद्राच्या थोडी मागे असतात, पुढचं चाक त्याच्या बरंच पुढे. मुख्य चाकं आधी टेकली की वजन पुढच्या बाजूला असल्यामुळे नाक आपोआप खाली यायला बघतं, पंखाचा कोन कमी होतो, लिफ्ट (वर उचलणारं बल) कमी होते, विमान बसतं. नोजव्हील आधी टेकलं की उलट होतं, नाक वर फेकलं जातं, पंखाचा कोन वाढतो, आणि स्पीड जास्त असेल तर विमानाला उडायला तेवढं पुरतं. आता तुम्ही वर गेलात, नाक वर, घाबरून पुढे ढकललं, पण हाताने ढकलणं आणि विमानाने ऐकणं यात थोडा वेळ जातो, तोपर्यंत ते स्वतःच खाली यायला निघालेलं असतं, म्हणजे तुमचं ढकलणं त्याच्या पडण्यात मिळतं. परत नोजव्हील, परत वर. याला पॉरपॉइझिंग म्हणतात, डॉल्फिनसारखं पाण्यावर उड्या मारत जाणं, आणि प्रत्येक उडी आधीच्यापेक्षा वाईट असते. तिसऱ्या-चौथ्या उडीला साधारण नोजगिअर जातो. हाताने हे सावरता येत नाही, तुमचा हात कायम अर्धा सेकंद मागे असतो.

आता फायनलपासून सुरू करू, कारण उडीचं बी तिथे पेरलं जातं.

स्पीड. १५२ चं मॅन्युअल फुल फ्लॅपला (पंखामागच्या पट्ट्या पूर्ण खाली असताना) ५५ ते ६५ नॉट सांगतं, १७२एसचं (सेसनाचंच मोठं ट्रेनर) ६० ते ७०. तुमच्या स्कूलने यातला जो आकडा दिलाय तोच धरा. वाऱ्याला झोत असतील तर झोताच्या फरकाचा अर्धा वाढवा, म्हणजे वारा १० आणि झोत २० असेल तर ५ नॉट, बस. ‘सेफ्टीसाठी थोडं जास्त’ हा जो रोग आहे ना तो सगळ्यांना होतो, घरची माणसं प्रवासाला निघताना डब्यात दोन पोळ्या जास्त घालतात तसं. पण उर्जा स्पीडच्या वर्गाने वाढते. ६० ऐवजी ७० ने आलात तर स्पीड वाढला सतरा टक्के पण उर्जा वाढली छत्तीस टक्के, आणि ती सगळी रनवेवर तरंगत संपवावी लागते. आणि तरंगताना माणसाचा धीर सुटतो आणि तो विमान बळजबरीने बसवायला जातो, जे मी केलं.

उतरायचा दर पण बघा. ग्राउंडस्पीड गुणिले पाच, म्हणजे ६० नॉटला मिनिटाला ३०० फूट, हा साधारण ३ डिग्रीचा मार्ग. ७००-८०० दिसतंय म्हणजे तुम्ही उंच होता आणि आता डाइव्ह मारताय.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा एक वेगळा विषय आहे, तो ग्राउंड क्लासमध्ये गणित म्हणून शिकवतात आणि मग कोणी त्याचं नाव काढत नाही. बारामतीसारखं फील्ड (विमानतळ) समुद्रसपाटीपासून साधारण दोन हजार फुटांवर. बाहेर ४० डिग्री. त्या उंचीला स्टँडर्ड तापमान ११ असायला हवं, म्हणजे २९ डिग्री जास्त, प्रत्येक डिग्रीला १२० फूट धरले तर विमानाला वाटतं आपण जवळपास साडेपाच हजार फुटांवर आहोत. याचे दोन परिणाम. एक, पॅनेलवर ६० दिसत असलं तरी जमिनीवरून तुम्ही पाचेक नॉट जास्त वेगाने पळताय, त्यामुळे डोळ्याला वाटतं आपण फास्ट आहोत आणि विद्यार्थी उगाच पॉवर काढतो किंवा लवकर फ्लेअर करतो (टेकण्याआधी नाक वर उचलतो). डोळ्याचं ऐकू नका, सुईचं ऐका. दुसरं, गो-अराऊंड मारला, म्हणजे लँडिंग सोडून पूर्ण पॉवरने परत वर गेलात, तर विमान सकाळसारखं चढणार नाही, रडतखडत चढेल. म्हणून दुपारी निर्णय लवकर घ्यायचा. शिवाय फायनलखाली नांगरलेलं काळं रान आलं की विमान वर उचलतं, पाणी दिलेला ऊस आला की खाली सोडतं, हे दोन-चार दिवस लक्ष देऊन बघा, तुमच्या फील्डचा नकाशा तुम्हालाच पाठ होईल.

वारा. रनवे २९ आहे, म्हणजे तोंड २९० डिग्रीकडे, आणि वारा २६० डिग्रीवरून १४ नॉट. फरक ३० डिग्री, म्हणजे आडवा वारा निम्मा, ७ नॉट, डावीकडून. ४५ डिग्रीला साधारण सत्तर टक्के, ६० च्या पुढे जवळजवळ सगळाच धरा. १५२ च्या मॅन्युअलमध्ये १२ नॉट आणि १७२एसमध्ये १५ नॉट असा आकडा दिसेल, तो टेस्ट पायलटने करून दाखवलेला आकडा आहे, तुमच्यासाठी नाही. सोलोला तुमच्या इन्स्ट्रक्टरने जो आकडा दिलाय तो तुमचा, आणि विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी पिशवी) त्याच्यापेक्षा जास्त दाखवत असेल तर टॉवरला सांगून थांबा. लाज कसली त्यात.

आडव्या वाऱ्यात एक गोष्ट मला अपघातानंतर कळली, आधी कोणी सांगितली असेल तर मी झोपलेलो होतो. सेसनात रडर (शेपटीची उभी पट्टी) हलवणारं पायाचं पेडल नोजव्हीलला पण जोडलेलं असतं. पंख वाऱ्याकडे झुकवून, उलट रडर देऊन तुम्ही छान सरळ उतरलात, मुख्य चाकं टेकली, आणि रडर तसाच दाबलेला ठेवून नोजव्हील खाली सोडलं तर ते वळलेलं टेकतं आणि विमान बाजूला झेप घेतं. म्हणून नोजव्हील टेकायच्या क्षणी पाय सरळ. आणि एलरॉन (पंखांच्या टोकाकडच्या, योक वळवून हलणाऱ्या पट्ट्या) वाऱ्याकडे, स्पीड जसा कमी होईल तसा अजून, शेवटी पूर्ण. टेकलो म्हणजे संपलं असं समजून हात सैल सोडणाऱ्यांची विमानं रनवेच्या बाजूच्या गवतात सापडतात.

आता फ्लेअर. नजर जवळच्या डांबरावर ठेवली तर सगळं धूसर पळताना दिसतं आणि उंची कळत नाही, म्हणून राऊंड-आऊट (उतरणं थांबवून विमान रनवेला समांतर करणं) सुरू झाला की नजर रनवेच्या लांबच्या टोकाकडे. पॉवर आयडल (सगळ्यात कमी), आणि मग विमानाला बसू न देण्याचा प्रयत्न करायचा. हे ऐकायला उलटं वाटतं पण माझ्या नंतरच्या इन्स्ट्रक्टर मॅडम हेच सारखं बोलायच्या, बसू नको देऊस, बसू नको देऊस, योक हळूहळू मागे, मागे, आणि एका क्षणाला विमान स्वतःच थकून मुख्य चाकांवर बसतं. अरुंद रनवेची सवय असलेला माणूस रुंद रनवेवर गेला की त्याला जमीन जवळ आल्यासारखी वाटते आणि तो उंचावरच फ्लेअर करतो, तेव्हा क्रॉस कंट्रीला (दूरच्या उड्डाणाला) नवीन फील्डवर जाताना हे डोक्यात ठेवा.

आणि आता मुद्द्याचं, उडी मारलीच तर.

छोटी उडी, म्हणजे दोन-तीन फूट, नाक फार वर गेलेलं नाही: योक आहे तिथे धरा, नाक लँडिंगच्याच कोनात ठेवा, किंचित पॉवर द्या म्हणजे परतीचं आपटणं मऊ होईल, आणि विमान खाली यायला लागलं की परत होल्ड-ऑफ करा, म्हणजे तेच ‘बसू न देणं’. पुढे ढकलायचं नाही. हाताला खाज सुटेल ढकलायची, तरी नाही. वर जाताना मागेही ओढायचं नाही, कारण ओढलं तर अजून वर आणि मग स्पीड संपलेला, स्टॉल (पंखाची लिफ्टच सुटते), आणि दहा फुटांवरून धपकन.

मोठी उडी, किंवा नाक आकाशात, किंवा दिशा रनवेच्या मध्यावरून सुटली, किंवा दुसरी उडी झाली, किंवा तुम्हाला नुसतं ‘हे काय चाललंय’ असं वाटलं तरी: गो-अराऊंड. दुसरी उडी झाली की विचार बंद, गो-अराऊंडच. तिसरी बघायला थांबायचं नाही.

तो करायचा कसा, कारण इथेही लोक आपटतात. थ्रॉटल पूर्ण, एकदम झटका नाही पण ठामपणे. १५२ मध्ये कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा देणारा नॉब) आत, नाहीतर ताकद कमी मिळते (१७२एसला ती भानगडच नाही, फ्युएल इंजेक्शन आहे). उजवा पाय, कारण पूर्ण पॉवरला नाक डावीकडे पळतं आणि कमी स्पीडला जास्तच पळतं. आणि आता नीट ऐका, इथे गोंधळ होतो. उडीत ढकलायचं नाही असं मी आत्ताच म्हटलं, पण गो-अराऊंडमध्ये पूर्ण पॉवर आल्यावर नाक जोरात वर यायला बघतं, कारण ट्रिम (योकवरचा जोर कमी करणारं चाक) फुल फ्लॅपच्या अप्रोचसाठी मागे फिरवलेली असते. तिथे नाक दाबून धरावंच लागतं, बऱ्यापैकी ताकद लावून. फरक असा की उडीत तुम्ही विमानाला जमिनीकडे ढकलत असता, गो-अराऊंडमध्ये नाक आडव्याच्या किंचित वर जिथे पाहिजे तिथे धरून ठेवत असता. डोळा क्षितिजावर आणि स्पीडवर असेल तर हात बरोबर तेवढंच करतो. फ्लॅप लगेच २० डिग्रीवर, शून्यावर नाही, शून्यावर टाकले तर विमान खाली बसेल. १५२ ला ५५ नॉट, १७२एसला ६०, चढायला लागल्याची खात्री झाली की मग बाकीचे फ्लॅप हळूहळू, टप्प्याटप्प्याने. मध्ये चाकं परत एकदा टेकली तरी चालतं, घाबरून पॉवर काढू नका. रेडिओ सगळ्यात शेवटी. टॉवरला दिसतंय तुम्ही काय करताय.

हे घरी खुर्चीत बसून करा. खरंच. हातात काहीतरी धरून, डोळे मिटून, ‘पॉवर, कार्ब हीट, पाय, नाक, फ्लॅप वीस’ मोठ्याने म्हणत, रोज दहा वेळा. रूममेट वेडा म्हणेल, म्हणू दे. आणि प्रत्येक फायनलला मनात आधीच ठरवा की मी गो-अराऊंड मारणार आहे, सगळं छान जमलं तर लँड करेन.

माणूस गो-अराऊंड का मारत नाही हे पण सांगतो. पैसे. तासाला एवढे हजार, बाबांनी कर्ज काढलेलं, आणि अजून एक सर्किट म्हणजे अजून काही मिनिटं मीटर चालू. शिवाय खाली उभे राहून बघणारे बॅचमेट. आणि फ्लाइट लाइनवर सर. माझ्या डोक्यात त्या पाच सेकंदांत हे तिन्ही होतं, शपथ. एका सर्किटच्या पैशात आणि नोजगिअर, प्रॉपेलर, फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) यांच्या बिलात काय फरक असतो ते मला नंतर दाखवण्यात आलं. शिवाय प्रॉपेलर जमिनीला लागला की इंजिनही आतून तपासावं लागतं, इंजिन बनवणाऱ्या लायकमिंगचं तसं स्पष्ट सांगणं आहे, पातं फक्त जरासं वाकलेलं दिसत असलं तरी.

आता जे नको ते झालंच, विमान आपटलं आणि थांबलं. पहिलं काम, मिक्श्चरचा (इंजिनला जाणारं इंधन तोडणारा) लाल नॉब पूर्ण बाहेर. मग फ्युएल बंद, १५२ मध्ये तो व्हॉल्व्ह दोन सीटच्या मध्ये खाली असतो, आज जाऊन आंधळ्यासारखा हाताने शोधून बघा. मॅग्नेटो (इंजिनच्या ठिणगीची) किल्ली ऑफ, मास्टर (बॅटरीचा मुख्य स्विच) ऑफ. टॉवरला एक वाक्य बोलायला वेळ असेल तर मास्टर काढायच्या आधी बोला, पेट्रोलचा वास येत असेल तर ते पण सोडा आणि निघा. विमान उलटं झालं असेल तर बेल्ट सोडायच्या आधी एक हात छताला टेकवा, नाहीतर डोक्यावर पडाल, विमानाने जिवंत सोडलेला माणूस बेल्ट सोडून मान मोडून घेतो. बाहेर पडल्यावर मागच्या बाजूला, वाऱ्याच्या उलट दिशेने, लांब. प्रॉपेलरच्या समोरून कधीच नाही, थांबलेला असला तरी. बॅग, हेडसेट, लॉगबुक, काही आणायला परत जायचं नाही.

मग घरी फोन. हे मी मुद्दाम वर घेतलंय. २५ जुलै २०२२ ला इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात सोलोवरची सेसना पडली, ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ १९ आणि २२ तारखेला, चार दिवसांत दोन ट्रेनर विमानं पडली. त्यांची कारणं काहीही असोत, सांगायचा मुद्दा असा की शेतात विमान पडलं की शेजारच्या वस्तीवरचे लोक सगळ्यात आधी पोचतात, मदतही तेच करतात, आणि त्यांच्या खिशात मोबाईल असतात. तुमच्या आईला टीव्हीवर तुटलेलं विमान दिसायच्या आधी तुमचा आवाज ऐकू आला पाहिजे. ‘मी ठीक आहे, नंतर बोलतो’, एवढंच, तपशील नको.

गर्दीला विमानापासून लांब ठेवा, बिडी-सिगारेट विझवायला सांगा, पेट्रोल गळत असतं. विमान हलवायचं नाही, स्विचेस परत ‘नीट’ करून ठेवायचे नाहीत, वाकलेलं पातं फिरवून बघायचं नाही. अपघाताची माहिती एएआयबी (विमान अपघात तपासणारी सरकारी संस्था) आणि डीजीसीएला (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत द्यावी लागते, ते प्रत्यक्षात स्कूल करतं, पण कळवलंय ना हे विचारा. हा अपघात की इन्सिडेंट की नुसतं हार्ड लँडिंग, हे ठरवणं तुमचं काम नाही. आणि दुखत नसलं तरी डॉक्टरकडे जाच, त्या दिवशी अंगात जे काही संचारलेलं असतं ना त्यात मान-पाठ दुखत नाही, दुसऱ्या दिवशी उठता येत नाही.

रात्री झोपायच्या आधी सगळं लिहून काढा. स्पीड किती होता, फ्लॅप किती, वारा टॉवरने काय दिला होता, कितवी उडी, हाताने काय केलं. जे आठवत नाही तिथे ‘आठवत नाही’ लिहा. दोन दिवसांनी दहा जणांनी दहा थिअऱ्या सांगितल्या की तुमची स्वतःची आठवण त्यांच्यात मिसळून जाते, माझी थोडी मिसळलीच. तपास करणारे लोक कोणाला फाशी द्यायला आलेले नसतात, परत होऊ नये म्हणून आलेले असतात, खरं बोला. मी फोनवर पहिल्यांदा ‘वाऱ्याचा झोत आला’ असं म्हणालो होतो. झोत वगैरे काही नव्हता.

अजून एक, हे मोठ्या अपघाताचं नाही, रोजचं आहे. लँडिंग जोरात बसलं, काही तुटलं नाही, टॅक्सी करून पार्किंगला आलात. तेव्हा गपचूप निघून जाऊ नका. १७२ मध्ये नोजगिअरचा भार फायरवॉलवर जातो, आणि तिथला पत्रा सुरकुतला तरी बाहेरून पटकन दिसत नाही. कधी पेडल जड लागतात, कधी कावलिंगची (इंजिनवरच्या झाकणाची) फट एका बाजूला जास्त दिसते, कधी पात्याचं टोक किंचित मुडपलेलं असतं. टेक लॉगमध्ये (विमानाच्या बिघाडांच्या नोंदवहीत) लिहा, इंजिनिअरला सांगा, तो शिव्या देईल, खाऊन घ्या. तुमच्यानंतरच्या सॉर्टीला (उड्डाणाला) त्याच विमानात तुमचा बॅचमेट बसणार असतो.

मला परत उडवायला बसवलं तेव्हा दोन आठवडे झाले होते. पहिल्या सॉर्टीत मॅडमनी मला एकही लँडिंग मारू दिलं नाही, दहाच्या दहा वेळा फ्लेअरमध्ये ‘गो-अराऊंड’, काही वेळा तर चाकं टेकल्यावर. अकराव्याला त्या काही बोलल्याच नाहीत आणि मी स्वतःच मारला, कारण स्पीड ६८ होता. त्यावर त्या हसल्या आणि चहा सांगितला.

लॉगबुकमध्ये त्या दिवशीची सॉर्टी लिहायची असतेच, टाळू नका. बॅचमेट अजून म्हणतात की तीनदा टेकलास तर लँडिंगच्या रकान्यात तीन लिही. एकच लिहिलंय.